गाठ न पडण्याचे चार महिने

तीर्थस्वरूप मामांस,

मी, आपला भाचा बांग ग्यू-सॉक, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, देगूतील एका सूतरंगाई कारखान्याच्या खरेदी विभागाचा प्रमुख आणि नामसान भागातील एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावरचा चार वर्षांचा भाडेकरू, हे पत्र दोन हेतूंनी लिहीत आहे. सप्टेंबरात आजोबांच्या थडग्यावरचे गवत कापायला मी का आलो नाही, याचा खुलासा करणे हा पहिला. आणि घर सुटले तर आईला तुमच्याकडे ठेवण्याविषयी मे महिन्यात आपले जे बोलणे झाले होते ते रद्द समजावे, हे कळवणे हा दुसरा. फोन केला असता. परंतु फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही. मागच्या खेपेला मी वीस मिनिटे बोललो आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं, कधीतरी फोन कर हो." असो. तुमचा गुडघा, तुमची होडी आणि तुमचा कुत्रा या तिघांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. (तिघांपैकी होडीचे वय सर्वांत जास्त आहे, तेव्हा तिची काळजी अधिक घ्यावी.)

आता मूळ मुद्दा. आमचा करार दोन वर्षांच्या मुदतीचा असून तो येत्या दहा डिसेंबरला संपतो. मुदत संपताना भाडेकरूपुढे वाटा किती, हे मी खरेदीआधी सुताचा नमुना पाहावा तितक्या बारकाईने तपासले. घर सोडणे ही एक. मुदतवाढ हक्काने मागणे ही दुसरी. पण हा हक्क एकदाच वापरता येतो आणि मी तो दोन वर्षांपूर्वीच वापरून बसलो आहे. मालक सांगेल त्या भाड्याने नवा करार करणे ही तिसरी, आणि अलीकडे आमच्या गल्लीत जी भाडी सांगतात ती ऐकून माणसाने दोन्ही कान बहिरे करून घ्यावेत. उरली चौथी. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून दोन महिने आधीपर्यंत, म्हणजे आमच्या बाबतीत दहा जून ते नऊ ऑक्टोबर या काळात, मालकाने 'घर सोडा' किंवा 'भाडे वाढवा' असे भाडेकरूला कळवले नाही आणि भाडेकरूनेही तोंड उघडले नाही, तर करार आहे त्याच अटींवर आणखी दोन वर्षे आपोआप चालू राहतो. (शेवटचा दिवस नऊ की दहा, यावर दोन मते आहेत. मी सावधगिरी म्हणून दोन्ही दिवस गप्प राहिलो.) मौनं सर्वार्थसाधनम् असे म्हणतात ते उगीच नव्हे, इथे तर कायद्यानेच मौनाला सही मानले आहे.

तुम्ही विचाराल, एवढा अट्टहास कशासाठी? शहरात घरे काय थोडी आहेत? मामा, घरे पुष्कळ आहेत, पण आईला पाठ असलेले घर एकच आहे. गेल्या दोन वर्षांत तिच्या स्मरणातून माझ्या नोकरीचे नाव गेले, माझ्या मुलीचे लग्न गेले, अधूनमधून मीही जातो. परंतु अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाखालचा लाकडी चौथरा, फाटकाबाहेरचे तांदळाच्या केकचे दुकान आणि खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई, या तीन खुणा अजून पक्क्या आहेत. तेवढ्यावर ती सकाळी एकटी उठून खाली जाते, दुकानापर्यंत फेरी मारते आणि चौथऱ्यावर मालकीणबाईंशेजारी येऊन बसते. डॉक्टर म्हणाले, "जागा बदलू नका." एवढे एकच औषध त्यांनी फुकट दिले. तुमच्याकडे ती आली असती तर तुम्ही तिला डोळ्यात तेल घालून जपले असते, यात शंका नाही. पण रोज सकाळी ती ते झाड शोधत समुद्राकडे गेली असती.

तेव्हा मी ठरवले की चार महिने मालकीणबाईंना माझी गाठ पडू द्यायची नाही. गाठच नाही तर बोलणे नाही, बोलणे नाही तर नोटीस नाही. मालकीणबाई म्हणजे थाक बुन-री, वय एकाहत्तर, चर्चमधल्या ज्येष्ठ सेविका, उभ्या आयुष्यात खोटे न बोललेल्या. त्या कधी अंगण झाडतात, कधी बाजारात जातात, कधी प्रार्थनेला जातात, याचा मी दोन आठवडे अभ्यास करून तक्ता बनवला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आमचा जिना लोखंडी आणि घराबाहेरून जाणारा असल्याने पावले वाजतात. म्हणून मी बूट हातात घेऊन चढउतार करू लागलो. पहाटे साडेपाचला त्या अंगणात असतात. गवत कापून त्याच दिवशी परतायचे तर तुमच्याकडे येणारी पहिली बस हवी, आणि तिच्यासाठी नेमके तेव्हाच फाटकातून जावे लागते. आजोबांच्या थडग्यावरचे गवत या कारणाने वाढले. त्यांची मी स्वतंत्रपणे क्षमा मागेन.

तुमच्या भाचेसुनेला हे पसंत नव्हते. "अहो, भाडं थकवणारे लोक तोंड लपवतात. भाडं एक तारखेला भरून तोंड लपवणारे तुम्ही जगातले पहिले!" असे ती रोज म्हणे, आणि तेही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून, खणखणीत आवाजात.

अकरा जूनला, म्हणजे मुदत उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मालकीणबाईंचा फोनवर लेखी निरोप आला. पडद्यावर पहिले चारच शब्द दिसले: 'बांगसाहेब, घराच्या बाबतीत जरा...' पुढचे उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि उघडले की पाठवणाऱ्याच्या पडद्यावरचा तो निरोपाशेजारचा एकचा आकडा पुसला जातो, म्हणजे आपण वाचले याचा पुरावा. मी उघडला नाही. मामा, त्या 'जरा'नंतर काय असेल याचा मी चार महिने विचार केला. जरा भाडे वाढवायचे आहे? जरा घर रिकामे करा? 'जरा' या शब्दाइतका निर्दय शब्द मी पाहिला नाही.

जुलैत एका संध्याकाळी रद्दी आणि खोकी बाहेर ठेवायला गेलो असता मालकीणबाई अवेळी, तक्त्याला न जुमानता, कोपऱ्यावरून आल्या. मी शीतकपाटाच्या उभ्या खोक्यात शिरलो. त्या जवळ आल्या, आपले एक खोके त्यांनी माझ्या डोक्यावर नीट झाकणासारखे ठेवले, "पाऊस येईल, आतलं भिजायला नको," असे स्वतःशीच पुटपुटल्या आणि गेल्या. मी माझ्या प्रसंगावधानावर खूश झालो.

आईचा प्रश्न मात्र बिकट होता. ती रोज दुपारभर मालकीणबाईंशेजारी बसते. तिच्या हाती निरोप आला तर तो मला पोचला असे धरायचे की नाही? करारावर सही माझी आहे, असे मी मनाला समजावले, तरी रोज संध्याकाळी तिला विचारल्याशिवाय राहवत नसे. "आई, मालकीणबाई काही म्हणाल्या?"

"म्हणाली, लसूण महाग झालाय."

"आणखी?"

"म्हणाली, तुमचा मुलगा बूट हातात घेऊन का चालतो? पायाला काही झालंय का?"

(हे मी आईच्या विस्मरणाच्या खात्यात टाकले.)

मग सुगीचा सण आला, चुसोक. सणाला घरमालकाकडे भेट न पाठवणारा भाडेकरू हा माणसांत मोडत नाही. मी नासपतींची पेटी घेतली, त्या बाजारात गेल्याची खात्री केली आणि त्यांच्या दाराशी ठेवून आलो. सोबत चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठी म्हणजे पत्रव्यवहार. तासाभरात आमच्या जिन्यावर चंद्रकोरी तांदूळकेकांचे ताट आले, तेही मुके. आता ताट रिकामे परत करायचे नाही, ही रीत तुमच्याकडे आहे तशी इकडेही आहे. तुमच्या भाचेसुनेने त्यात भाज्यांची भजी घातली. त्या ताटातली भजी संपली आणि ताट मुळ्याची किमची घेऊन परत आले. आम्ही वाळवलेले मासे पाठवले. दोन दिवसांत ते ताट नऊ वेळा जिना चढले-उतरले, आणि प्रत्येक वेळी ते ठेवणारा माणूस ठेवून पळत होता. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवे होते की पळण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. लक्षात आले नाही. खरेदी विभागात तीस वर्षे काढूनही समोरच्याला काय हवे ते मला ओळखता आले नाही, ही नोंद मी इथे स्वतःहून करतो.

सणाला त्यांचा मुलगा गू ब्यॉंग-हून सोलहून आला. वय शेहेचाळीस, गृहस्थ वाईट नव्हे. आईने सोलला आपल्याजवळ राहावे आणि हे घर कॉफीचे दुकान करावे, अशी त्याची योजना. अलीकडे या भागात जुन्या घरांची तशी दुकाने फार झाली आहेत. भिंतीचे प्लास्टर मुद्दाम खरवडतात आणि झाडाखाली बसून लोक एकमेकांची छायाचित्रे काढतात. त्याने अंगणात उभे राहून हात पसरून ही योजना सांगितली तेव्हा मी वरच्या खिडकीच्या पडद्याआड होतो. मालकीणबाईंचे उत्तर स्पष्ट ऐकू आले: "गळकं छप्पर दुरुस्त करायला वीस वर्षं पैसे नव्हते, आणि भिंती पडक्या दिसाव्यात म्हणून आहेत होय?"

तरीही तो चिकाटीचा. ऑक्टोबरच्या पाच तारखेला वर आला. मी कपड्यांच्या कपाटात होतो, माझ्याच तक्त्याला नाक लावून. सहा तारखेला, ऐन सणादिवशी, पूर्वजांना नैवेद्य दाखवताना मी मंत्र कुजबुजत म्हटले. (पूर्वजांना ऐकू गेले नसल्यास त्यांची थाळी रिकामी कशी झाली, हे समजत नाही, आईवर माझा संशय आहे.) सात, आठ कशीबशी गेली. नऊ तारखेला त्याची संध्याकाळची गाडी होती. दुपारी तीनला अंगणातून त्याचा आवाज आला, "आई! आज शेवटचा दिवस आहे! चल, दोघं मिळून वर जाऊ!" मी तडक गच्चीवर पळालो, वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करण्याच्या मिषाने.

गच्चीवर मालकीणबाईंचे रांजण आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणामागे मी वळलो, आणि तिथे छोट्या स्टुलावर, मांडीवर लसणाची परडी घेऊन, स्वतः मालकीणबाई बसल्या होत्या. चार महिन्यांचे व्रत दोन हातांच्या अंतरावर येऊन मोडले. आमची नजरानजर झाली. मी कराराचा विचार केला, आईचा केला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली होती. पाठीमागून परडीतला अर्धा लसूण माझ्याकडे सरकवला आणि त्या रांजणाशी बोलू लागल्या.

"ऐक रे रांजणा, तुला सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. जूनमध्ये मी वरच्यांना लिहिलं होतं, घराच्या बाबतीत जरा बोलू, आणखी दोन वर्षं राहाल ना, भाडं आहे तेच. एका ओळीचं उत्तर आलं असतं तर मुलाला म्हटलं असतं, शब्द दिलाय बाबा. पण वाचतोय कोण! मग जुलैत मुलाने माझ्याकडून वचन घेतलं, की वरचे साहेब भेटले की माझं म्हणणं त्यांना सांग. म्हटलं, गाठ पडली तर सांगेन. आता दिलेलं वचन मोडता येत नाही, म्हणून गाठ पडू दिली नाही. बरं, यांना चुकवणं सोपं का आहे? बूट हातात घेऊन चालतात, येतात कधी ते कळत नाही. खोक्यात शिरले तेव्हा तर मी अगदी सापडलेच होते!"

मामा, मी लसूण सोलत होतो म्हणून बरे. डोळ्यांत पाणी येण्याला सबब होती. चार महिने मी एका बाईपासून आईचे घर वाचवत होतो, आणि ती बाई माझ्यापासून तेच घर वाचवत होती. फरक इतकाच की तिचा तक्ता माझ्यापेक्षा चांगला होता आणि तिने तो कपाटाला चिकटवला नव्हता.

इतक्यात जिना वाजला. ब्यॉंग-हून वर आला, आम्हा दोघांकडे आणि लसणाकडे पाहून क्षणभर थबकला. मग म्हणाला, "साहेब, चार महिने कुठं होता तुम्ही?"

"घरीच," मी म्हणालो. ते खरे होते.

"आई, पडली ना गाठ? मग सांग आता. वचन दिलंयस."

मी मालकीणबाईंकडे पाहिले. संपले, असे वाटले. खोटे न बोलणारी बाई, दिलेले वचन, समोर मुलगा, आणि तारीख नऊ ऑक्टोबर. मालकीणबाईंनी हात मोठ्या छापील एप्रनला पुसले (आपल्या बायकांचे सगळे मोठे निर्णय त्यालाच पुसून होतात), उभ्या राहिल्या, माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बांगसाहेब, तुम्ही हे घर सोडावं, अशी माझ्या मुलाची इच्छा आहे."

ब्यॉंग-हूनने समाधानाने मान डोलावली.

"झालं. सांगेन म्हटलं होतं, सांगितलं," असे म्हणून त्या पुन्हा बसल्या आणि लसूण हातात घेतला.

"आणि तू? तुझं काय म्हणणं?"

"माझं सांगायचं वचन कुठं दिलं होतं?"

"अगं पण घर तुझ्या नावावर आहे! तू म्हटल्याशिवाय त्याला अर्थ नाही!"

"म्हणूनच गप्प बसलेय."

मामा, मी आयुष्यात अनेक दस्तऐवज वाचले आहेत; वकिलांनी लिहिलेले, व्यापाऱ्यांनी लिहिलेले, एक तर खुद्द विद्यापीठातल्या माझ्या गुरूंनी लिहिलेला. परंतु इतके काटेकोर वाक्य मी कधी पाहिले नाही. वचन अक्षरशः पाळले, सत्याला धक्का नाही, मुलाचा मान राखला. आणि नोटीस म्हणून त्यात एक शब्दही नाही, कारण इच्छा मुलाची आणि घर आईचे. मी नकळत उठून उभा राहिलो आणि कमरेत वाकून नमस्कार केला. ब्यॉंग-हूनला तो त्याला केला असे वाटले. त्यानेही परत केला.

तो चिडेल असे मला वाटले होते. तो रांजणाच्या कडेला टेकला. "सोलला माझ्या घरी एक खोली रिकामी आहे आई, तीन वर्षं," एवढेच म्हणाला. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. झाडाखालच्या म्हातारीला विसर पडला की मी येईन. ती अजून मला ओळखते, मग मी कशी उठून जाऊ?" गाडी गाठायला तो खाली उतरला तेव्हा चौथऱ्यावर आई बसली होती. तिने त्याचा हात धरला, 'कुणाचा रे तू?' म्हणून विचारले आणि उत्तराची वाट न पाहता दोन पिकली पर्सिमने त्याच्या हातावर ठेवली. सुटाबुटातला माणूस, दोन्ही हात चिकट, तसाच स्टेशनवर गेला.

दहा तारखेचा दिवसही आम्ही पूर्ण मौनात काढला. अकराला सकाळी जिन्यावर बूट घालून, मुद्दाम पाय आपटत मी खाली गेलो आणि म्हणालो, "मालकीणबाई, नमस्कार." त्या म्हणाल्या, "अगबाई, बांगसाहेब! कित्येक महिन्यांत दिसला नाहीत!" अशा रीतीने करार दोन वर्षे वाढला आहे, आईचे झाड जागेवर आहे, आणि तिला तुमच्याकडे पाठवण्याचा विचार मी या पत्राने अधिकृतरीत्या रद्द करत आहे. थोरामोठ्यांचा आशीर्वाद असावा. थंडीत होडीवर एकट्याने जाऊ नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
बांग ग्यू-सॉक
नामसान, देगू, १३ ऑक्टोबर २०२५

ता. क. (त्याच दिवशी, दुपारी साडेचार): वर 'रद्द' असे लिहिले आहे त्यात किंचित दुरुस्ती. मालकीणबाईंनी अकरा वर्षांत समुद्र पाहिलेला नाही, हे आज बोलण्यातून कळले. आधीचे असोत की आम्ही, भाडेकरूला अचानक काही लागले तर, म्हणून त्या घर सोडून जात नसत. शिवाय ब्यॉंग-हून येत्या शनिवारी आपल्या काकांना घेऊन समजूत घालायला पुन्हा येतो आहे, आणि गप्प बसण्यालाही माणसाला विश्रांती लागते. म्हणून आपणास खरी विनंती अशी की त्यांना दहा दिवस तुमच्याकडे ठेवून घ्यावे. आईही सोबत येईल. जागा बदलू नका असे डॉक्टर म्हणाले होते खरे. पण मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, तिच्या तीन खुणांपैकी जी चालू-बोलू शकते ती बरोबर असली तर हरकत नाही. तुमची हरकत असल्यास गुरुवारपर्यंत लेखी कळवावे. उत्तर न आल्यास होकार समजण्यात येईल.

ता. क. दुसरा (१४ ऑक्टोबर, सकाळी ७.५०): दोघी आत्ताच्या बसने निघाल्या. गुरुवारपर्यंत थांबायला मी सांगितले होते. आई म्हणाली, भावाकडे जायला मुदत कसली! टपालाची पेटी नऊला उघडते, म्हणजे हे पत्र त्यांच्यानंतर दोन दिवसांनी पोचेल आणि तुमचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडणार नाही, म्हणून ते मालकीणबाईच तुम्हाला वाचून दाखवतील. तसे असल्यास, मालकीणबाई, गच्चीवरचा परिच्छेद कृपया गाळू नये. तो तुमच्या तोंडावर म्हणायला मला आणखी दोन वर्षे लागली असती.

बांग ग्यू-सॉक
देगू, १४ ऑक्टोबर २०२५